आई आणि बाळाचा आहार मोबाईलवर नोंदवताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

पेठ-सुरगाण्याच्या गावांतून भरून आलेले आहाराचे फॉर्म एकापाठोपाठ एक उघडले की वरवर तक्रारीला जागा दिसत नाही. सगळे रकाने भरलेले, वेळ नोंदलेली, संमतीची खूण जागेवर. पण घरामागून घर तेच असतं: सकाळी चहा-भाकर, दुपारी भात-वरण, रात्री भात-वरण. ऐन मे महिन्यात, जाळीजाळीवर करवंदं पिकलेली असताना, एकाही बाईने करवंद खाल्लेलं नसतं. बाळाच्या फॉर्ममध्ये बिस्किट नसतं आणि पुड्याचा रिकामा कागद ओट्यावर पडलेला असतो.

अ‍ॅपमध्ये बिघाड नसतो, विचारण्याच्या क्रमात असतो. नोंदवणारी व्यक्ती स्क्रीनवरचे पर्याय एकेक वाचत जाते आणि समोरची बाई हो-नाही म्हणत जाते. पुढे लिहिलं आहे ते आशाताई, अंगणवाडी सेविका, संस्थांचे कार्यकर्ते आणि पोषणशास्त्राचे विद्यार्थी अशा सगळ्यांसाठी, ज्यांना “काल काय खाल्लं” हे मोबाईलवर नोंदवायचं आहे. उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली आहेत.

## १. आधी ठरवा: गट मोजायचेत की ग्रॅम

ही दोन वेगळी कामं आहेत. फॉर्म एकाचा आणि अपेक्षा दुसऱ्याची, असं झालं की पुढचं सगळं वाया जातं.

गट मोजणं. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी अन्नाचे १० गट धरतात: धान्य व पांढरे कंद, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-कठीण कवचाची फळं-तेलबिया (मिळून एक गट), दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या इतर भाज्या-फळं, बाकीच्या भाज्या, बाकीची फळं. काल यांपैकी ५ किंवा जास्त गट पोटात गेले का, एवढाच प्रश्न असतो. ६ ते २३ महिन्यांच्या बाळासाठी ८ गट आहेत. त्यांतला एक अंगावरचं दूध. तिथेही ५ लागतात.

ग्रॅम मोजणं. यात प्रत्येक पदार्थाचं वजन, पाककृती आणि उरलेलं अन्न हे सगळं लागतं. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून (त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत) लोह, कॅल्शियम, प्रथिनं काढता येतात. वेळ कितीतरी पट जास्त जातो. लोहाचा हिशोब कुणी मागितलेलाच नसेल तर हा उद्योग करू नका.

गटांच्या कामातही दोन पद्धती आहेत. एकीत ठरलेली यादी शब्दशः वाचून हो-नाही घेतात, दुसरीत बाईला तिचा दिवस सांगू देतात. दोन्ही मान्य आहेत, सरमिसळ मात्र चालत नाही. तुमचा फॉर्म पहिल्या प्रकारचा असेल तर यादी वाचा, मधली उदाहरणं गाळू नका. पुढचे टप्पे दुसऱ्या पद्धतीचे आहेत. माझं मत विचाराल तर आपल्याकडे तीच बरी, कारण यादी वाचली की आमच्या बायाबापड्या समोरच्याला बरं वाटेल ते सांगून मोकळ्या होतात.

> सावध: बाळासाठी ७ गट आणि त्यांतले ४ पुरेत, असा हिशोब करणारे जुने फॉर्म अजून फिरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२१ च्या सूचनांत ८ पैकी ५ आहेत. जुन्या फॉर्मचा आकडा नव्याशेजारी ठेवून “सुधारणा झाली” किंवा “घसरण झाली” म्हणू नका.

२०२१ पासून अंगणवाडीत वापरात असलेल्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर लाभार्थी, हजेरी, वजन-उंची आणि वाटलेला आहार नोंदवला जातो. वाटलेला आहार आणि खाल्लेला आहार एकच समजायचं नाही. कालच्या खाण्यासाठी वेगळा फॉर्म लागतो, आणि तो कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके कलेक्ट या फॉर्म भरायच्या साधनांवर करता येतो. दोन्ही नेटशिवाय भरता येतात, म्हणून सुरगाण्याच्या खोऱ्यात चालतात.

## २. खाद्ययादी गावात बसून करा

तयार यादी उतरवून घेतली की तिच्यात ब्रोकोली असते आणि नागली नसते. चार-पाच बायकांबरोबर बसा, आठवडे बाजारात एक चक्कर मारा, आणि ऋतूप्रमाणे विचारा: पावसात काय, दिवाळीनंतर काय, उन्हाळ्यात काय. पेठकडच्या यादीत नागली, वरई, भात, उडीद, कुळीथ, खुरासणी, अंबाडी, शेवग्याचा पाला, सुकट आणि बोंबील हवेत. पावसाळ्यात कुरडू, टाकळा, शेवळं, बांबूचे कोंब येतात. निफाडची यादी बाजरी-गहू आणि द्राक्षांची. मालेगावात पाव आणि मटणाचे प्रकार, नाशिक शहरात मिसळ आणि वडापाव. सगळ्या जिल्ह्याला एकच यादी पुरत नाही.

एकाच पदार्थाची सगळी नावं एकाच ओळीला जोडा. नागली-नाचणी, वरई-भगर, खुरासणी-कारळे यांतलं काहीही टाइप केलं तरी तोच पदार्थ सापडला पाहिजे. नाहीतर एक जण नागली लिहितो, दुसरा नाचणी “इतर” मध्ये टाकतो, आणि मोजणीच्या वेळी ती दोन धान्यं होतात.

प्रत्येक पदार्थाचा गट यादीमागे आधीच ठरवून ठेवा. नोंदवणाऱ्याला घरात बसून गट निवडायला लावू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून हे नीट बघा:

- बटाटा भाजीत असला तरी धान्य-कंदाच्या गटात जातो. “बटाट्याची भाजी खाल्ली” म्हणून भाजीचा गट मिळत नाही.
- लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा, पपई आणि आतून केशरी असलेलं रताळं ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटात. आतून पांढरं रताळं कंदांत.
- टोमॅटो, कोबी, वांगं बाकीच्या भाज्यांत. द्राक्ष, केळं, करवंद, जांभूळ बाकीच्या फळांत.
- आईच्या यादीत शेंगदाणे डाळींत नाहीत, तेलबियांसोबत आहेत. खुरासणीची चटणीही तिथेच. बाळाच्या ८ गटांत मात्र डाळी, दाणे आणि बिया मिळून एकच गट आहे.
- तूप आणि लोणी दुधाच्या गटात नाहीत.
- वरून टाकलेली कोथिंबीर, फोडणीची मिरची, चिमूटभर मसाला कुठल्याच गटात नाही.

आईच्या बाबतीत १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेलं धरत नाहीत. साधारण एक मोठा चमचा. बाळाला ही किमान अट नाही, पण चवीपुरतं घातलेलं तिथेही धरत नाहीत.

> तपासा: यादी छापून दोन स्थानिक बायकांना वाचून दाखवा. “हे आमच्यात नाही” आणि “ते राहिलं” अशा दोन्ही गोष्टी ऐकू आल्या तर त्यांनी यादी खरंच ऐकली.

## ३. फोन, काटा, पिशवी

घरून निघताना, वायफाय असताना, फॉर्मची ताजी आवृत्ती उतरवून घ्या. गटातल्या निम्म्या लोकांकडे जुनी आवृत्ती राहिली की दोन वेगळे तक्ते तयार होतात आणि ते जुळवत बसावं लागतं. फोनची तारीख-वेळ आपोआप वर ठेवा. हाताने बदललेल्या तारखेमुळे “काल” म्हणजे कोणता दिवस हेच कळेनासं होतं. विमान मोडवर एक खोटा फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून बघा, म्हणजे नेट नसताना कुठे अडतं ते कळेल.

पिशवीत काय घ्यायचं: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, त्याचे जादा सेल, दोन मापांच्या वाट्या, एक चमचा, पॉवर बँक, वही-पेन. वही कशाला? पहिली फेरी वहीतच होते.

> सावध: न पाठवलेले फॉर्म फोनमध्ये असताना अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका, त्याचा डेटा पुसू नका. ते फॉर्म परत मिळत नाहीत.

## ४. कधी जायचं, कोणी जायचं, परवानगी

दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. त्या काळात गावात जाऊन “घर बंद” अशी नोंद करून परत येणं म्हणजे ज्यांचा आहार बघायला हवा तेच वगळणं. मुक्कामाच्या जागी, काम सुटल्यावर जा. स्वयंपाकाच्या ऐन घाईत बसू नका.

आठवड्याचे सगळे वार वाटून घ्या. फक्त बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर भाज्या आणि सुकट भरपूर दिसेल, आदल्या दिवशी गेलात तर काहीच नाही. काल एकादशी, चतुर्थी किंवा सोमवारचा उपवास होता, लग्न होतं, बाई आजारी होती, असं काहीही असलं तरी नोंद करायचीच. “काल नेहमीसारखा दिवस होता का” या प्रश्नात ते लिहायचं. “तो दिवस सोडा, एरवी काय खाता ते सांगा” असं म्हणू नका. एरवीचं म्हणून मनातलं आदर्श जेवण सांगितलं जातं.

आता अवघड मुद्दा. जी सेविका महिनाभर “अंडं खा, पालेभाजी खा” सांगते, तिनेच महिनाअखेरीला “काय खाल्लं” विचारलं तर तिला तिचंच वाक्य परत ऐकायला मिळतं. यात बाईचा खोटेपणा नाही, ताईचा मान राखला जातो. शक्य असेल तिथे गावं अदलाबदल करा: या पाड्याची सेविका त्या पाड्यावर. जमत नसेल तर निदान मुलाखतीत सल्ला बंद ठेवा. फॉर्म पाठवण्यासाठी बंद केला की मग काय सांगायचं ते सांगा.

परवानगी छापील भाषेत वाचू नका. असं सांगा: “काल तुम्ही आणि बाळाने काय खाल्लं ते विचारणार आहे. चूक-बरोबर काही नाही. नाव बाहेर जाणार नाही. नको वाटलं तर मध्येच थांबवा, म्हणून अंगणवाडीतलं काही बंद होणार नाही.” शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमतीचा आणि लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा आहे, हेही तुमच्या संस्थेला माहीत असलेलं बरं. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक टाका.

> तपासा: सासू किंवा नवरा शेजारी बसून उत्तरं देतोय का? त्यांना उठवता येत नाही, पण बाळाचं वजन-कार्ड शोधून आणायला सांगता येतं.

## ५. आईची मुलाखत: पाच फेऱ्या

ही कामाची मुख्य जागा. एकदाच सगळं विचारून होत नाही. त्याच दिवसावरून पाच वेळा फिरायचं, दर वेळी वेगळ्या कारणासाठी.

पहिली फेरी: नुसती यादी. फोन मांडीवर उलटा ठेवा.

“ताई, काल सकाळी उठलात तिथपासून आज सकाळी उठेपर्यंत तोंडात जे जे गेलं ते सांगा. आठवेल तसं.”

“काय खाणार ताई, भाकर खाल्ली.”

इथे “कशाबरोबर?” विचारण्याचा मोह होतो. थांबा. तपशिलात शिरलं की तिची साखळी तुटते. खाण्यावरून नको, कामावरून पुढे चला.

“उठल्यावर आधी काय केलं?”

“पाणी भरलं, चूल पेटवली.”

“मग?”

“मग च्या. मग भाकर खाऊन रानात गेले. दुपारी भाकर नेली होती. रात्री भात.”

वहीत चार शब्द: चहा, भाकर, भाकर, भात. बहुतेक फॉर्म इथेच संपलेले असतात.

दुसरी फेरी: विसरलेलं. आता एकेक कोपरा झाडायचा. चहाबरोबर खारी, टोस्ट? रानात जाता-येता काही तोडून खाल्लं? भाजलेले दाणे? कुणाच्या घरी काही दिलं? बाजारातली भजी? पोरांच्या ताटात उरलेलं कोणी संपवलं? अंगणवाडीतलं काही? हा पोरांच्या ताटाचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं, आणि आईच्या दिवसाचा बराच भाग तिथे सापडतो. आमच्या या ताईंना इथे करवंदं आठवली, “ती काय खाणं आहे का” असं हसत.

मिसरी आणि भाजकी माती हेही याच फेरीत, गरोदर बाई असेल तर नक्कीच. चेहऱ्यावर काहीही न आणता विचारा. लोहाच्या गोळ्यांची वेगळी नोंद करा, अन्नात नको.

तिसरी फेरी: वेळ आणि प्रसंग. घड्याळ विचारू नका, “रानात जायच्या आधी की नंतर”, “गाडी गेली तेव्हा” असं विचारा. दोन खाण्यांमध्ये मोठी पोकळी दिसली तर तिथे परत या. आता फोन हातात घ्या आणि पदार्थ वेळेप्रमाणे भरायला लागा.

चौथी फेरी: तपशील. भाकर कशाची? कशाबरोबर? चहा कोरा की दुधाचा? वरण कशाचं, त्यात आणखी काय? ताईंची सकाळची भाकर नागलीची, बरोबर खुरासणीची चटणी. दुपारी भाकरीबरोबर उडदाचं वरण. रात्रीच्या भाताबरोबर सुकटाचं कालवण. मिश्र पदार्थ फोडून लिहा: खिचडी म्हणजे तांदूळ, डाळ आणि त्यात पडलेली भाजी.

चहातलं दूध हा कायमचा वाद आहे. पेठकडे चहा बराचसा कोरा, निफाडकडे दुधाचा. दुधाचा नुसता रंग आला असेल तर दुधाचा गट धरू नका. अर्धा कप दूध ओतून केलेला असेल तर मात्रा लिहा आणि १५ ग्रॅमचा नियम फॉर्मला लावू द्या.

पाचवी फेरी: वाचून दाखवणं. “बघा हं ताई, उठल्यावर कोरा चहा, मग नागलीची भाकर आणि चटणी…” असं सगळा दिवस तिला परत सांगा आणि विचारा: झोपण्याआधी काही? रात्री उठून? घाई असली की हीच फेरी कापली जाते. कापू नका. दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस स्वतःहून दुरुस्त करतो.

आता मोजा. पहिल्या फेरीच्या यादीवर एकच गट येत होता, धान्याचा. पाच फेऱ्यांनंतर धान्य, डाळ आणि करवंदांमुळे फळ असे तीन पक्के. खुरासणीची चटणी आणि सुकट १५ ग्रॅमच्या वर असतील तर पाच. म्हणजे हीच बाई एक गटवाली किंवा पाच गटवाली ठरू शकते, आणि त्यातले दोन गट मात्रेवर अडलेत.

> सावध: एका दिवसावरून “या बाईचा आहार अपुरा” असा शिक्का मारायचा नाही. १० पैकी ५ हा समूहाचा आकडा आहे. किती टक्के बायका ५ पर्यंत पोहोचल्या एवढंच त्यावरून सांगता येतं.

## ६. मात्रा: तिच्याच भांड्यात

“एक वाटी” म्हणजे काहीच नाही. तिने काल वापरलेली वाटी, पळी, ताट मागा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा, मग तिला तांदूळ किंवा पाणी काल होतं तितकं घालायला सांगा. पातळ वरणाला पाणी चालतं. पण पाण्याच्या वजनावरून भाताचं वजन काढू नका, त्याच वाटीत भात वेगळाच भरतो. आज त्याच घरात भात शिजला असेल तर तोच मापा.

भाकरीला सरसकट वजन लावू नका. गावातल्या काही घरांतल्या भाकरी मोजून लहान-मध्यम-मोठी अशी तीन वजनं ठरवून फॉर्ममध्ये घाला आणि त्यांचे खऱ्या आकाराचे फोटो कागदावर छापून सोबत न्या. फोनच्या पडद्यावर सगळ्या भाकरी सारख्याच दिसतात.

शिजलेलं की कच्चं, हे प्रत्येक ओळीला लिहा. भात शिजून अडीच ते तीन पट होतो. तिने “अर्धा किलो तांदूळ लावले” सांगितलं आणि तुम्ही तो शिजलेला भात म्हणून भरला, किंवा उलट, तर पुढचा सगळा हिशोब कोसळतो. घरात एकाच ताटात दोघी-तिघी जेवत असतील तर ताटात एकूण किती वाढलं, किती उरलं आणि तिच्या वाट्याला अंदाजे किती, असे तीन आकडे घ्या.

फोटो काढायचा असेल तर वाढल्यावर आणि जेवल्यावर, दोन्ही वेळा. मापाला शेजारी तुमची वाटी ठेवा. माणसाचा चेहरा नको. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा नाही, “नमुना म्हणून” सुद्धा नाही.

## ७. बाळाची नोंद

आधी वय, आणि वय कार्डावरून. “सहावा चालू आहे” म्हणजे पाच पूर्ण. “सातवा लागला” म्हणजे सहा पूर्ण. नोंदवणारा ऐकलेला आकडा तसाच टाकतो आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या आहाराच्या यादीत जाऊन बसतं. माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख भरा, पूर्ण महिने फॉर्मला काढू द्या, आणि पडद्यावर आलेलं वय आईला मोठ्याने सांगा.

मग कोण भरवतं ते. आई बागेत असते तेव्हा बाळ आजीजवळ असतं. दुपारचं आजीला विचारा. आई सांगेल ते तिने पाहिलेलं नसतं. “कोणी सांगितलं” हा रकाना प्रत्येक खाण्याला हवा.

सहा महिन्यांच्या आत. प्रश्न असा नको: “फक्त अंगावरच पाजता ना?” या प्रश्नाला एकच उत्तर आहे. असा विचारा: “काल दिवसा-रात्री अंगावरच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडाला काय लागलं? बोटभर, थेंबभरसुद्धा?” आणि नावं घ्या: पाणी, घुट्टी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, वरचं दूध. यातलं काहीही गेलं तर काल ते बाळ निव्वळ स्तनपानावर नव्हतं. डॉक्टरांनी दिलेले थेंब, औषध आणि ओआरएस याने ते मोडत नाही. घुट्टी घरात औषध म्हणून सांगितली जाते, ती औषधात टाकू नका, तिचा वेगळा पर्याय ठेवा.

अंगावरचं दूध ग्रॅममध्ये मोजायचा प्रयत्न करू नका. पाजलं की नाही, आणि फॉर्ममध्ये असेल तर साधारण किती वेळा, बस.

सहा महिन्यांनंतर. किती वेळा भरवलं हे बैठकांप्रमाणे मोजा. बोट चाटवलं ही बैठक नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत किमान २ वेळा, ९ ते २३ महिन्यांत ३ वेळा. अंगावर न पिणाऱ्याला ४ वेळा, त्यात वरचं दूध धरलं जातं, पण किमान एकदा घट्ट किंवा मऊ अन्न हवंच.

वरणाचं पाणी हा नाशिकमधला पेच आहे. वरचं निवळ पाणी दिलं असेल तर ते पातळ द्रव, डाळींचा गट नाही. डाळ घोटून भातात कालवली असेल तर डाळींचा गट. पेज किंवा नागलीचं सत्त्व असेल तर विचारा: चमच्यातून ओघळत होतं की चमच्यावर राहत होतं? वरच्या दुधात पाणी घातलं असेल तर किती दुधात किती.

आईच्या ताटातून भरवलं असेल तर तो घास आईच्या मात्रेतून वजा करा. सांडलेलं आणि थुंकलेलंही वजा. भरवायला घेतलं तितकं बाळाने खाल्लं, असं गृहीत धरलेले फॉर्म नजरेत भरतात: दहा महिन्यांचं लेकरू दोन वाट्या भात खाऊन बसलेलं असतं.

अंगणवाडीतून घरी दिलेलं पाकीट असेल तर “मिळालं का” असं विचारून भागत नाही. “कालच्या दिवसात पाकिटातलं कोणी कोणी खाल्लं?” असं विचारा. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेचंही तेच: गरोदर आणि स्तनदा मातेचा चौरस आहार तिने केंद्रात बसून खाल्ला, की डब्यातून घरी नेऊन चौघांत वाटला?

आणि खाऊ. पाच-दहा रुपयांचे पुडे, चहात बुडवलेलं बिस्किट, गोड पेय. “बिस्किटं देता का” विचारलं तर नाही म्हणतील. “काल दुकानातून बाळासाठी काय आणलं? मोठ्या भावंडाने काय दिलं?” असं विचारा. पुडा दिसत असेल तरी बोट दाखवू नका.

> तपासा: बाळ काल आजारी होतं का? असेल तर नोंद तशीच ठेवा आणि खूण करा.

## ८. फॉर्म बंद करण्याआधी

दारातून बाहेर पडण्याआधी, तिथेच बसून बघा:

- रिकामा रकाना आणि “खाल्लं नाही” एकच नाहीत. “माहीत नाही” हा तिसरा पर्याय आहे. रिकाम्या जागा राहिल्या तर मोजताना कोणी त्यांना शून्य धरेल.
- दिवसभरात धान्यच नाही असं दिसतंय? उपवास नसेल तर काहीतरी सुटलं.
- वजनांत शून्य जास्त पडलंय? १५० च्या जागी १५०० सहज होतं. फॉर्ममध्ये वरची मर्यादा घालून ठेवा.
- आई आणि बाळाचा क्रमांक जुळतो का? एका दुपारी लागोपाठची घरं केली की इथे हमखास अदलाबदल होते.

ठिकाणाची खूण घ्यायची असेल तर अंगणात येऊन घ्या, कौलाखाली फोन नुसताच फिरत राहतो. अर्धवट फॉर्म मसुदा म्हणूनच ठेवा. रात्री घरी बसून आठवणीने तो पूर्ण करून अंतिम करणं बंद करा. नेट मिळेल तिथे त्याच दिवशी पाठवा, आणि पाठवलेल्यांच्या यादीत तो दिसला की मगच मोकळे व्हा.

पर्यवेक्षकाने रोज बघायच्या दोन गोष्टी: सुरुवात आणि शेवट यांतला वेळ, आणि प्रत्येक फॉर्ममधल्या पदार्थांची संख्या. पाच फेऱ्यांची मुलाखत पाच मिनिटांत होत नाही. एकाच व्यक्तीच्या सगळ्या फॉर्मांत पदार्थ तेवढेच आणि तेच असतील तर तिच्याबरोबर एका घरी जाऊन नुसतं बसा. फॉर्म परत पाठवण्यापेक्षा त्याने लवकर कळतं.

## ९. दुसरी भेट

ग्रॅम मोजत असाल तर निदान काही घरांत दुसऱ्यांदा जावं लागतं, लागून नसलेल्या दिवशी आणि जमल्यास वेगळ्या वाराला. सलग दोन दिवसांत कालचंच वरण आज गरम केलेलं असतं. दुसऱ्या भेटीची तारीख घरी सांगून ठेवू नका. सांगितली तर त्या दिवशी हटकून अंडं शिजतं.

पहिल्या भेटीचा फॉर्म उघडून समोर ठेवू नका. “मागे तुम्ही करवंदं सांगितली होती” असं म्हटलं की करवंदं पुन्हा येतात, मग मोसम संपलेला असला तरी. कोऱ्या फॉर्मवर, वहीच्या नव्या पानावर, पुन्हा पहिल्या फेरीपासून. मोजणी पूर्ण होऊन ती तपासली गेली की फोनमधले ताटांचे फोटो पुसा, आणि वहीची पानं संस्थेत जमा करा. त्यांवर घराचा क्रमांक आणि गाव एकत्र लिहिलेलं असतं.